साबणाच्या रांगेतला रुमाल

साबण, क्रीम आणि ओले रुमाल बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे नियमताई म्हणत. कोणतं रसायन कशात किती चालतं, ते तिला तोंडपाठ. निदान एकेकाळी होतं. हल्ली नियम असे बदलत की सकाळी पाठ केलेलं संध्याकाळी शिळं. बंदीची यादी म्हणजे मारुतीचं शेपूट, आणि ते मोजायला ही एकटी. तरी तिच्या सहीशिवाय एक खोका बाहेर पडत नसे, याचा तिला अभिमान होता. तो लपवता मात्र यायचा नाही तिला.

घरी आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिला रोज पुसायला नियमताई कारखान्यातलेच ओले रुमाल आणी. महिन्याभरापूर्वी आईची पाठ लाल झाली, मग सोलवटली, मग तिला पाणी सुटलं. मलमं झाली, चादरी बदलून झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंगाला काय लावता?"

"काहीच नाही हो. नुसतं यानं पुसते."

बाईंनी पाकीट उलटं करून एका नावावर बोट ठेवलं. नियमताईने ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं.

माल टिकवणारं ते रसायन नव्या नियमाने फक्त धुऊन टाकायच्या वस्तूंत चालत होतं. अंगावर राहणाऱ्या वस्तूंत साफ बंद. आणि तिने रुमाल धरला होता साबण-शाम्पूच्या रांगेत. पुसायची वस्तू ना, मग सफाईचीच! एवढी शिकलेली बाई, पण रुमालाने पुसल्यावर अंग कोणी धूत नाही, हे सुचू नये? ती स्वतः रोज पुसत होती आणि धूत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मालकांपुढे उभी राहिली. "साहेब, माल परत मागवायला हवा."

"पाकिटावर 'नंतर धुवा' छापू की!"

"पाणी हाताशी असतं तर रुमाल कोण घेईल? तान्ह्या बाळांना पुसतात हो लोक त्याने."

"मग सही करताना झोपला होतात का?"

जागेवर येऊन तिने सरकारी कार्यालयाला चूक कळवली, स्वतःच्या नावाने. यानंतर इथे आपल्याला कोणी ठेवणार नाही, हे तिला कळत होतं. पण किती घरांत किती पाठी सोलवटल्या असतील, या विचाराने तिला बसवेना.

संध्याकाळी ती कोमट पाणी आणि मऊ सुती कापड घेऊन आईपाशी बसली. कापड टेकताच आई कळवळली.

"पाण्याने कसलं पुसतेस? ते तुझं पाकीट आण."

"नको, आई. त्यानेच झालंय हे."

"काहीतरीच. कोण म्हणतं?"

"मीच म्हणते." तिने कापड पुन्हा पाण्यात बुडवलं. "ते चालेल म्हणून सही मीच केली होती."

आईचा चेहरा उजळला. "तू सही केलीस ना? मग घाबरतेस कशाला, वेडे? आण."