जन्नतबाईंची भैरवी आणि सुदर्शनचे कान

आमच्या चौघांत सगळ्यात हलकी आवड कुणाची असं विचारलं, तर बाकीचे तिघंही बिनदिक्कत माझ्याकडं बोट दाखवतील. दाखवू द्या. गुलमंडीत माझं भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर पातेल्यांचा खणखणाट ऐकणाऱ्या माणसाला ढोलकी आवडणार नाही तर काय आवडणार? शिवराजला हे पटत नाही. तो बँकेत आहे, वयानं आमच्यात सगळ्यात लहान, आणि त्याला सुटं गाणं चालत नाही. अल्बम ऐकायचा तर पहिल्यापासून शेवटपर्यंत, करणाऱ्यानं लावलाय त्याच क्रमानं. मधलं एखादं गाणं गाळलं की हा पंगतीतून उठवल्यासारखा रुसतो. मजीदभाई कव्वालीवाले. टाळी पडल्याशिवाय त्यांना गाणं सुरू झाल्यासारखंच वाटत नाही.

आणि सुदर्शन. त्याच्याबद्दलच सांगायचंय. आमच्यात वाद पेटला की शेवटचा निकाल त्याचा असे. तो एखाद्या गाण्याला 'बरंय' म्हणाला, तर लावणाऱ्याचा आठवडा छान जाई. 'आवाज हाय, गाणं नाय' म्हणाला, तर मी चिडायचो, दोन-चार दिवस त्याला नावं ठेवायचो आणि मग गुपचूप कबूल करायचो की बेट्याचं खरं आहे.

आम्ही जमतो मजीदभाईंच्या गादीघरात, रोशन गेटजवळ. रविवारी सकाळी त्यांचं कापूस पिंजायचं यंत्र बंद असतं. चहूबाजूंनी गाद्यांच्या थप्प्या आणि कापसाच्या गाठी असल्यानं आवाज भिंतीला आपटून परत येत नाही, सरळ कानात उतरतो. नियम एकच, पण कडक. ज्याची पाळी त्यानं नाव न सांगता एक गाणं लावायचं. गाणं संपून चहा येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. चहा आला की प्रत्येकानं जागा सांगायची. जागा म्हणजे गाण्यातला तो एकच क्षण, ज्याच्यासाठी बाकीचं सगळं गाणं ऐकायचं. आमची भांडणं सगळी जागेवरून.

सुदर्शन मूळचा देवगाव रंगारीचा. गावात शिंप्याच्या दुकानात रेडिओ होता आणि शाळा सुटली की हा तिथं काजं-बटणं करायच्या निमित्तानं बसायचा. तिथंच त्यानं जन्नतबाईंची भैरवी ऐकली. हैदराबादकडच्या या बाई फार गाजल्या नाहीत. त्यांचं गाणं कुणाला विचारलं तर लोक 'कोण बाई?' म्हणतात. पण त्या भैरवीत शेवटाकडं एक ठिकाण आहे. बाई वरच्या सुरावर जातात, आवाज बारीक बारीक करत नेतात, आता तुटला असं वाटतं, आणि तिथंच थांबून राहतात. बस, इतकंच. सुदर्शन म्हणायचा, "त्या थांबण्यात मी लग्नाआधीच संसार मांडला, बद्रीशेठ. मुक्ता नंतर आली." मुक्तावहिनींनाही हे ठाऊक होतं आणि त्या हसण्यावारी न्यायच्या.

नोकरी मात्र मिळाली ती शेंद्र्याच्या एका कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसवर. तिथं कानात घालायला बोळे देत असत, नाही असं नाही. पण बोळे घातले की प्रेस नीट बसला की नाही ते कळत नाही, असं सुदर्शनचं म्हणणं. साच्यात पत्रा वाकडा गेला, तर ठोका पडतानाच त्याला आवाजातला फरक कळायचा. साहेबसुद्धा त्याला बोलावून घ्यायचे, 'सुदर्शन, जरा ऐक बरं.' मग हा बोळे काढायचा आणि ऐकायचा. वर्षानुवर्षं ऐकत राहिला. कान चांगले होते म्हणून गेले. वाईट असते तर माझ्यासारखे शाबूत राहिले असते.

आम्हाला कळलं ते एका रविवारी, आणि तेही कळू नये अशा रीतीनं. पाळी शिवराजची होती. त्यानं एक जुनी गझल लावली, आमच्या सगळ्यांच्या ओळखीची. पण या खेपेला त्याला कुठूनतरी मैफलीतलं ध्वनिमुद्रण मिळालं होतं. साथीला नुसती पेटी आणि तबला. चहा आला. मजीदभाईंनी आपली जागा सांगितली, मी माझी सांगितली, दोघांवर शिवराजचं नाक मुरडून झालं. मग सुदर्शन कपातल्या चहाकडं बघत म्हणाला, "दुसऱ्या कडव्यानंतर सारंगी जी मागं वळून बघती ना, तीच. दुसरी जागाच नाय या गाण्यात."

सारंगी त्यात नव्हतीच.

शिवराजसारखा पोरगा, जो माझ्या एका चुकीच्या शब्दावर पाऊण तास व्याख्यान देतो, तोसुद्धा बशीत बिस्कीट बुडवत बसला. मजीदभाई म्हणाले, "वाह, क्या बात पकडी." आणि सुदर्शननं आमच्या तिघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं. त्याला सगळं समजलं. कितीतरी महिने तो आमच्यात बसून गाणी ऐकत नव्हता, आठवत होता.

त्यानंतर तो दोन-तीन रविवार आला नाही. मग एक दिवस भरदुपारी माझ्या दुकानात उगवला आणि म्हणाला, "शेठ, मोठ्या शिट्टीचा कुकर हाय का?" घरी एकटा असताना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही म्हणून डाळ दोनदा करपली होती. मी म्हटलं, "गाढवा, कुकर नको, कानाचं मशीन घे." तर त्यानं मान वळवून दाखवलं. घेतलं होतं. कानामागं लहानसं, तपकिरी रंगाचं.

"मग?"

"बोलणं येतंय की ऐकू. तुमच्या शिव्या झकास येतात." तो स्टुलावर बसला. "गाणं येत नाय. बाईमाणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. आन लांब सूर लागला, की मशीनला वाटतं आपलीच शिट्टी वाजायली. ते सूरच दाबून टाकतं. डॉक्टरला इचारलं मी. म्हणले, हे बोलणं ऐकायला बनवलंय, काका, गाण्याला नाय. मशीन काढलं तर निसता तबला उरतो. मधलं काय नाय."

मी माझ्या स्वभावाप्रमाणं काहीतरी धीराचं बोलणार होतो. बरं झालं, त्यानं बोलू दिलं नाही.

"ते बी सोसलं असतं," तो म्हणाला. "डोक्यात गाणी हायेत माझ्या. कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटले की एकेक लावतो. पण शेठ, मशीन घालून जे गाणं ऐकलं ना, ते पुन्हा आठवाया गेलं की पत्र्याचंच आठवतं. पहिलं पुसून जातं. मजीदभाईची ती कव्वाली गेली, भावगीतं गेली. एकेक करून गेली समदी. आता मी ऐकतच नाय. भैरवी तेवढी हाय. तिच्या वाटंला मी मशीन जाऊ देत नाय. घरात पोरीनं लावली तर अंगणात जातो उठून."

एवढी भांडी माझ्या दुकानात, आणि या माणसाला देण्यासारखं एकही नव्हतं. मी विचारलं, मजीदभाईंना सांगू का. तो एकदम उठलाच. "नका सांगू. लई हळवा माणूस. रात-रात झोपायचा नाय. तुमी आपलं तुमच्यापाशी ठेवा." मी शब्द दिला. कुकर त्यानं घेतलाच, आणि जाताना त्याच्या झाकणावर टिचकी मारून बघितली, सवयीनं.

पण सुदर्शनला ऐकू येत नाही एवढं तर मजीदभाईंना त्या रविवारीच कळलं होतं. आणि मजीदभाई काही न करता बसणारे नव्हेत. मनाशी त्यांनी इलाज ठरवला: आवाज कमी पडतो ना, मग मोठा आवाज आणू. मला याचा पत्ताही नव्हता. सुदर्शनला त्यांनी घरी जाऊन, मशीन खिशात टाकायला लावून, हाताला धरून आणलं. मी पोचलो तेव्हा गादीघरात थप्प्या बाजूला सारून माणसाच्या छातीइतके दोन काळे स्पीकर उभे केलेले होते. लग्नात गाणी वाजवणाऱ्या कुणा भाच्याकडून आणलेले, शेजारी एक जुना रेकॉर्ड प्लेअर. आणि मजीदभाईंचा चेहरा ईदच्या सकाळसारखा.

"आज पाळी माझी," ते म्हणाले. "नियम मालूम है, नाव नाही सांगायचं. पण सुदर्शनभाई, तुम्हाला सांगायची गरजच नाही." त्यांनी पिशवीतून एक जुनी तबकडी काढली. पाकिटावर नाकात चमकी घातलेल्या, पदर डोक्यावरून घेतलेल्या एका बाईचा फोटो. हैदराबादच्या नातेवाइकांना सांगून, तिथल्या जुन्या बाजारात माणसं धाडून त्यांनी ती मिळवली होती. आम्ही मंडळींनी जन्नतबाईंच्या भैरवीची मूळ तबकडी कधी डोळ्यांनीही पाहिली नव्हती. "त्या रविवारपासून मागं लागलोय. आता साफ ऐकू येणार. मशीन लगा लो भाई, आवाज मी वाढवतो."

सुदर्शननं पाकीट हातात घेतलं. त्यानं त्या बाईचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ पाहत राहिला.

मला राहवलं नाही. शब्द गेला खड्ड्यात, असं म्हणून मी उठायला लागलो. "मजीदभाई, एक मिनिट, अहो..." एवढ्यात माझ्या गुडघ्यावर सुदर्शनचा हात पडला. प्रेसवर काम केलेला हात, जड. त्यानं दाबून मला खाली बसवलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. मजीदभाईंकडं बघत होता, आणि मजीदभाई वाकून, श्वास रोखून सुई टेकवत होते. सुदर्शननं खिशातून मशीन काढलं आणि कानाला लावलं.

मी पुष्कळ गाणी ऐकली आहेत. ती भैरवी इतकी वाईट मला कधी वाटली नाही. बाई सुंदर गात होत्या, तोच त्रास होता. प्रत्येक ओळीला मला वाटायचं, ही गेली, आता ही गेली. सुदर्शन ताठ बसला होता. त्याचा हात अजून माझ्या गुडघ्यावरच होता. बाई वर चढल्या, आवाज बारीक होत गेला, आणि त्या थांबल्या. सुदर्शनच्या भुवया जराशा जवळ आल्या. गर्दीत सुटलेलं माणूस शोधताना येतात तशा. मग सूर खाली आला, तबला पुन्हा सुरू झाला, आणि त्याचा हात सैल पडला.

चहा आला. सगळ्यांआधी सुदर्शनच म्हणाला, "ते वरचं. थांबतात ते."

"ऐकू आलं?" मजीदभाईंनी विचारलं.

"सपष्ट."

मजीदभाईंनी त्याला मिठी मारली आणि हमसून रडायला लागले. शिवराजनंही चष्मा पुसला. "आता दर इतवारी हीच लावू," मजीदभाई म्हणत होते, "पहिली हीच." सुदर्शन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी चहा पीत राहिलो, कारण तोंडात चहा असला की बोलता येत नाही.

सुदर्शन आणि मी बरोबरच निघालो. रोशन गेटपाशी त्यानं स्कूटर बाजूला लावली आणि डोळे मिटून नुसताच बसला. रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, फळगाडीवाला ओरडत होता. मी थांबलो. कितीतरी वेळानं त्यानं डोळे उघडले.

"शेठ, तुमाला येती का ती? जरा म्हणा की."

मला गाता येत नाही. आमच्या मंडळात मला गुणगुणायचीही बंदी आहे. पण मी गायलो. भररस्त्यात, फळगाडीच्या शेजारी, साठी उलटलेला माणूस, जन्नतबाईंची भैरवी. वरच्या ठिकाणी माझा आवाज फाटला, तरी होता तसा रेटला. लोक बघायला लागले. सुदर्शन मशीन काढून, माझ्या तोंडाजवळ कान आणून ऐकत होता.

मी थांबलो तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं. आमच्या सगळ्या गाण्यांचा न्याय करणारा माणूस, आणि त्यानं मला विचारलं, "असंच व्हतं का वो ते?"

"व्हय," मी म्हणालो. "असंच होतं."

त्यानं मान हलवली आणि स्कूटर सुरू केली.