शनिवारच्या लेक्चरचा सर्व्हे

"सर, हा काय चमत्कार?" प्रिन्सिपल मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

अंधेरीच्या आमच्या कॉलेजात शनिवारची लेक्चर्स ऑनलाइन असत आणि त्यांचं रेकॉर्डिंग नंतर मुलांना मिळे. ती तशीच ठेवायची की मुलांना वर्गात बोलवायचं, हे मुलांच्या सॅटिसफॅक्शन सर्व्हेवर ठरणार होतं. सर्व्हे माझ्याकडे, कारण मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो. खरं सांगायचं तर माझा त्यात स्वार्थ होता. मी राहतो लांब, चारकोपला. शनिवारी घरी बसून शिकवायचं आणि लेक्चर संपताच गरम पोहे खायचे, हे सुख मला सोडायचं नव्हतं.

'ऑनलाइन लेक्चर नीट समजतं', याला सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले होते. 'ऑनलाइन लेक्चर अजिबात समजत नाही', यालाही पाचपैकी पाच.

हा दुसरा प्रश्न मी मुद्दाम घातला होता. आमच्या भाषेत रिव्हर्स आयटम. आधीचाच प्रश्न उलटा करून विचारायचा, म्हणजे न वाचता टिक करणारे सापडतात. इथे अख्खा वर्गच सापडला.

मी वर्गाच्या प्रतिनिधीला, म्हणजे सीआर सावंतला, बोलावलं.

"प्रश्न वाचले होतेस का गं?"

"नाही सर. फॉर्म भरल्याशिवाय हॉल तिकीट नाही, असं तुम्हीच ग्रुपवर टाकलंत ना? मग मी टाकलं, सगळीकडे पाच मारा आणि मोकळे व्हा."

हॉल तिकिटाची आयडिया खरोखर माझीच. हात दाखवून अवलक्षण.

मॅडम म्हणाल्या, "तो उलटा प्रश्न काढून टाका. बाकी रिपोर्ट झकास आहे."

मोह झाला. शनिवार वाचत होता. पण नको असलेला डेटा लपवू नका, असं बावीस वर्षं मीच शिकवत आलो. लाज वाटली. म्हटलं, "परत घेतो."

या वेळी साध्या चिठ्ठ्या. नाव नाही, हॉल तिकिटाचा धाक नाही. प्रत्येक विषयापुढे 'ऑनलाइन' की 'वर्गात' ते लिहायचं, आणि कारण.

चिठ्ठ्या मॅडमसमोरच उघडल्या. इकॉनॉमिक्स, वर्गात. अकाउंट्स, वर्गात. माझा चेहरा उतरत चालला. मग माझा विषय आला. ऑनलाइन. पुन्हा ऑनलाइन. जवळजवळ सगळ्यांचंच ऑनलाइन.

"बघा मॅडम!" माझी छाती फुगली.

"कारण वाचा की."

मी चष्मा लावला. 'सरांचं रेकॉर्डिंग डबल स्पीडला लावलं की नॉर्मल माणूस बोलल्यासारखं वाटतं.' दुसरी चिठ्ठी: 'डबल स्पीड.' तिसरी: 'वर्गात सरांना फास्ट करता येत नाही.'

मॅडम खिडकीकडे तोंड करून हसत होत्या. मला वाईट वाटलं. पण शनिवार मिळाला, आणि तो फक्त मलाच. तेव्हापासून कुठल्याही फॉर्मात 'कारण लिहा' हा रकाना मी ठेवत नाही.

गेल्या शनिवारी मात्र जिद्दीने भरभर शिकवलं. संध्याकाळी सावंतचा मेसेज आला: "सर, प्लीज पहिल्यासारखं बोला ना. डबलवर काहीच कळत नाहीये."