जासई, दिवाळे आणि सातासमुद्रापलीकडचं कोर्ट

एरवी कुठे जायचं ते मी नकाशा उघडून ठरवते. या वेळी हायकोर्टाने ठरवलं. तुमच्यापैकी बरेच जण इथे स्पिती नि हंपी वाचायला येता, मला ठाऊक आहे. पण मी पोटापाण्यासाठी वकिली करते, राहते नेरूळला, आणि या वर्षातली माझी सगळ्यात मोठी ट्रिप घरापासून तासाभराच्या आत झाली. खटल्याचा निकाल लागलाय म्हणून आता लिहितेय. नावं बदलली आहेत.

आधी थोडं कायद्याचं, कंटाळू नका. दूरच्या एका थंड देशात खटला चालू होता. मालवाहू जहाजावर दिवाळे गावचा नितेश नावाचा खलाशी मेला, त्याच्या आईने भरपाईचा दावा लावला. जहाज कंपनी म्हणत होती, पोरगा परवानगी नसताना लाकडाचे ओंडके भरलेल्या तळकोठारात उतरला, चूक त्याची. अशा बंद कोठारात ओंडके हवेतला प्राणवायू खाऊन टाकतात, माणूस दोन पायऱ्या उतरला की कोसळतो. आईच्या बाजूने सांगू शकेल असा एकच साक्षीदार होता, त्याच जहाजावरचा दर्शन. तो आता दर्या सोडून जासईजवळच्या कंटेनर यार्डात कामाला, आणि परदेशात जायला तयार नाही. तिथलं कोर्ट त्याला इथून ओढून नेऊ शकत नाही. मग ते आपल्या हायकोर्टाला विनंतीपत्र पाठवतं, की बाबांनो, एवढी साक्ष घेऊन द्या. हायकोर्ट त्यासाठी एक कमिशनर नेमतं. तो कमिशनर म्हणजे मी. माझ्या हातात निकाल नाही, सल्ला नाही. प्रश्न विचारू द्यायचे, उत्तर जसंच्या तसं लिहायचं, पाकीट सील करून परत पाठवायचं. दुभाष्याचं कामही माझ्याच गळ्यात.

पहिला दिवस जासईचा. सोबत माझे टायपिस्ट मोरेभाऊ. मूळचे परभणीकडचे, आता दिघ्याला राहतात, आणि माझ्या गाडी चालवण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. उलव्यापर्यंत रस्ता लोण्यासारखा. पुढे उरण रोडला लागलात की दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे, मध्ये उरतं तेवढं तुमचं. काचा वर ठेवा, धूळ फार. गव्हाण फाट्याला मिसळ खाल्ली. झणझणीत होती, पाव मात्र कालचे.

"मॅडम, त्या ट्रेलरच्या मागं नका राहू, लई बेकार हाय त्यो," मोरेभाऊ म्हणाले.

"मग काय वरून उडवू गाडी?"

"उडवताल तुमी, म्हणूनच सांगायलो."

दर्शन घरीच होता. तिशीचा, दणकट, पण नजर सारखी जमिनीवर. त्याला नोटीस दिली, तारीख नि जागा सांगितली: बेलापूरचा भाड्याचा हॉल, दोन्ही बाजूंचे परदेशी वकील पडद्यावर असतील, नितेशची आई हिराबाई मागे बसेल, तिचा तो हक्क आहे. आईचं नाव निघालं तसा त्याचा चेहराच उतरला.

"ती असंल तं मी नाय बोलनार," तो म्हणाला.

मी सांगितलं, समन्स आहे, यावं लागेल. बोलायचं ते खरं बोलायचं, एवढंच. त्याच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढायला घेतलं होतं. काय वास होता. पण साक्षीदाराच्या घरचं पाणीसुद्धा मी घेत नाही, उद्या कोणी बोट दाखवायला नको. ती बिचारी हिरमुसली. परत येताना मोरेभाऊ वाटभर बिरड्याच्या शोकात होते.

साक्षीच्या दिवशी लवकर आवरलं म्हणून मी एकटीच दिवाळ्याच्या जेट्टीवर गेले. तुम्हीही जा, सकाळीच जा. होड्या लागत असतात, बायका टोपल्या घेऊन उभ्या, बाजूला जवळा वाळत घातलेला. फोटो विचारून काढा, नाहीतर अशा काही शिव्या ऐकाल की महिनाभर फोटो काढायची इच्छा होणार नाही. मी आपली कोलंबीकडे आशेने बघत होते, एवढ्यात पांढऱ्या बनियनमधले एक म्हातारे जवळ आले. नितेशचे काका, गावकीतले पंच.

"तुमीच ना कमिशनर बाय? टेन्शन घेऊ नका," ते कौतुकाने म्हणाले. "काल आमी बैठक घेतली. आमचं पंच, जासईचं पंच, दर्शनला मधी बसवला. काय बोलायचं त्ये सगळं ठरवलंय. तुमाला तरास नको."

कोलंबी राहिली बाजूला. त्यांचा हेतू वाकडा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. गावकीची पद्धतच ती. कुठलाही मामला असो, आधी सगळ्यांनी बसायचं, एकमत करायचं, मग एकाने उभं राहून गावाचं म्हणणं मांडायचं. त्यात भांडण कमी होतं, गाव एक राहतं. पण कोर्टाच्या भाषेत याला साक्षीदार पढवणं म्हणतात, आणि पढवलेली साक्ष म्हणजे कचरा. या माणसांनी हिराबाईच्या मायेपोटी तिचा एकमेव साक्षीदार बुडवून ठेवला होता, आणि वर मलाच धीर देत होते.

मी गाडी हॉलकडे काढली. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण मग मी कसली कमिशनर? हॉलवर पोहोचले, पडदा सुरू झाला, आणि शपथेआधीच मी दोन्ही वकिलांना जेट्टीवर ऐकलेलं सांगितलं, मोरेभाऊंकडून टाइपही करून घेतलं. हिराबाईच्या वकील बाईंचा चेहरा पडद्यावरसुद्धा पांढरा पडलेला दिसला. कंपनीचे वकील मात्र खुर्चीत पुढे सरकले. मागच्या बाकावर हिराबाई काकांच्या शेजारी बसली होती, हिरव्या लुगड्यात, हात मांडीवर घट्ट धरून. इंग्रजी तिला कळत नव्हतं. काहीतरी बिनसलंय एवढं कळलं.

हिराबाईच्या वकील बाईंनी आधी एकच मोकळा प्रश्न विचारला: त्या दिवशी काय घडलं ते सांगा. दर्शनने दोनदा मागे वळून काकांकडे बघितलं. मग हिराबाईकडे. आणि बोलायला लागला.

"आधी मी उतरलो. मोठ्या सायबानं मला सांगितलं, खाली जा, दोर अडकलाय. हवा कोनी तपासली नव्हती. मी परलो, शुद्धच गेली. पुढचं मला वर आल्यावर कळलं. नितेशला कोनी जा म्हनला नाय. सायब थांब म्हनत व्हता. तो माझ्यासाठी उतरला. माझ्या कमरंला दोर बांधून त्यानं मला वर काढायला लावलं, न् तो खालीच राह्यला."

काकांनी कपाळाला हात लावला. आता कंपनीच्या वकिलांची पाळी. त्यांनी अपेक्षेप्रमाणे तोच दगड उचलला.

"काल गावात तुम्हाला काय बोलायचं ते सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं व्हतं."

"काय?"

"का सायबानं दोघांनापन हुकूम दिला. म्हंजी नितेशनं हुकूम मोडला आसं व्हनार नाय."

"मग ते का बोलला नाहीत?"

"ती बसलीय ना मागं," दर्शन म्हणाला. "तिच्यासमोर नाय बोलवत खोटं. मी जिता हाय तो तिच्या पोरामुलं. इतकी वर्सं तोंड चुकवत फिरलो."

मी उत्तर इंग्रजीत सांगितलं. कंपनीचे वकील कागद चाळत राहिले आणि म्हणाले, आणखी प्रश्न नाहीत. नियमाप्रमाणे मी पूर्ण साक्ष दर्शनला मराठीत वाचून दाखवली. नितेश उतरला त्या ओळीशी आले तशी मागून हिराबाई उठून टेबलापाशी आली.

"त्ये परत वाच बाय," ती म्हणाली.

तिला वाचून दाखवायचं माझं काम नव्हतं. तरी वाचलं. दर्शनने सही केली. पडदा बंद झाला. तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला.

"घरी का नाय आलास एकदापन?" हिराबाईने विचारलं.

"कुठल्या तोंडानं येऊ?"

तिने त्याचा दंड धरला. "चल जेवाया," म्हणाली, आणि त्याला घेऊन जिना उतरून गेली. काका चपला शोधत मागून.

पाकीट सील केलं, दुसऱ्या दिवशी हायकोर्टात दिलं. विनंतीपत्र आलं त्याच वाटेने ते परदेशी गेलं. बेलापूर ते नेरूळ दहा मिनिटांचं अंतर, पण घरी पोहोचेपर्यंत डोकं भणभणत होतं. नवरा म्हणाला, "एवढं काय झालं? दिवाळ्यालाच गेली होतीस ना?" मला सारखं वाटत होतं, मी तोंड उघडलं नसतं तर हिराबाईची केस सोपी झाली असती.

निकाल लागला तेव्हा हिराबाईच्या वकील बाईंनी प्रत पाठवली. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की सोयीची गोष्ट हातात आयती दिलेली असताना जो साक्षीदार ती बाजूला ठेवतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. हवा न तपासता माणूस खाली पाठवला, दोष त्या अधिकाऱ्याचा. सोबत्याला वाचवायला उतरलेल्या माणसाला दोष देता येत नाही. हिराबाई जिंकली. ते वाचून मी चक्क टाळी वाजवली, एकटीच, स्वयंपाकघरात.

काम संपलं म्हणजे आता मासळी घ्यायला मोकळी. लगेच रविवारी दिवाळ्याला गेले, हिराबाई मासळी विकते, तिच्याकडूनच बोंबील घेतले. घासाघीस तिने करू दिली नाही. दर्शन बाजूला बर्फ फोडत होता, सुट्टीच्या दिवशी येतो म्हणाली. मी तिला विचारलं, त्या दिवशी तो ठरलेलंच बोलला असता तर?

सुरी न थांबवता ती म्हणाली, "तं केस जिकून पन माजा पोर कसा गेला त्ये मला मरंपरेंत कळलं नसतं."

बोंबील घरी आणून तळले, जेवलो, आणि मी लिहायला बसले. हा प्रश्न तिला कुठल्याच कोर्टाने विचारला नव्हता, त्यामुळे तिचं उत्तरही कुठल्या कागदावर नाही. इथे तरी असू दे.