गुंडाची पाचर

कृष्णाकाठच्या आमच्या गावात गुंडासारखा आळशी माणूस दुसरा नाही, असं लोक म्हणायचे. मला काही ते पटत नाही. आळशी माणूस नुसता बसतो. गुंडा मात्र निवांत बसायला मिळावं म्हणून जिवापाड धडपडायचा.

सुभेदार लालासाहेब पलटणीतून पेन्शनीत आले आणि त्यांनी नदीवर विजेची मोटार बसवली. रानात पाण्याची दारं धरायला त्यांची बायको राहीबाई स्वतः असायची आणि मोटारीवर गुंडा. बहात्तर-त्र्याहत्तरचे दिवस. वीज मनाला येईल तेव्हा यायची, मनाला येईल तेव्हा जायची. गेली की मोटार बंद, आणि परत आली तरी मोटार आपली गप्पच. कुणीतरी नदीची दरड उतरून पंपाच्या खोलीत जायचं, स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, मग कुठं पाणी वर चढायचं. गुंडा दरड उतरून बटण दाबायचा आणि धापा टाकत वर येऊन बसायचा, तोवर वीज पुन्हा गेलेली.

एकदा वीज नसताना तो खोलीत स्टार्टरला अंगठा टेकवून, भिंतीला रेलून पेंगत उभा होता. अंगठा बरोबर हिरव्या बटणावर होता. अचानक वीज आली आणि मोटार आपोआप सुरू झाली. गुंडा दचकून बाजूला झाला. मग तिथंच उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ त्या बटणाकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाभळीची एक पाचर तासून आणली. स्टार्टरसमोर वीतभर अंतरावर खोलीचा खांब होता. खांब आणि बटण यांच्यामध्ये त्यानं पाचर अशी बसवली, की बटण कायमचं दाबलेलं राहावं. आता वीज आली की मोटार आपली आपण सुरू. बंद करायचं काम वीज स्वतःच करायची.

त्या दिवसापासून गुंडाचं नाव झालं. वीज येते न येते तोच सुभेदारांच्या पाटात पाणी पडायचं. शेजाऱ्यांचे गडी अजून पायताण शोधत असायचे. सुभेदार चावडीत सांगायचे, की माझा गुंडा पलटणीत असता तर हवालदार झाला असता. गुंडा मान खाली घालून ऐकायचा. कौतुकानं लाजतोय असं लोकांना वाटायचं.

मग सांगलीत कुस्त्यांचं मैदान भरलं. सुभेदारांना कुस्तीचा भारी नाद. सकाळी एसटीनं निघताना त्यांनी खिडकीतून पाहिलं, पाट भरून वाहत होता. गुंडा कामावर आहे म्हणून जीव निवांत झाला. दुपारी मैदानात गर्दीतून वाट काढत ते पुढं गेले, तर पुढच्या रांगेत, पटका बांधून, शेंगा फोडत गुंडा बसलेला. सांगलीतच विश्रामबागेत त्याची बहीण होती. तिच्याकडं तो आदल्या दिवसापासूनच मुक्कामाला होता.

सुभेदारांनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गुंडा, आज सकाळी मोटार कुणी चालू केली रं?"

"मीच की," गुंडा वळून बघत म्हणाला.

"कवा?"

गुंडानं तोंडातले दाणे गिळले. "परवा."

सुभेदारांना आधी राग आला, मग काही समजेना, आणि गुंडानं सगळं सांगितल्यावर ते इतके हसले, की समोरची कुस्ती कुणी मारली ते दोघांनाही कळलं नाही.

घरी आल्यावर सुभेदारांनी राहीबाईला ही गंमत सांगितली. ती भाकरी थापत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"मला ठावं हुतं. लाकूड आपल्याच परड्यातनं न्हेलंया त्यानं. पाणी येतंय न्हवं येळंवर? मग मी कशाला बोलू?"

राहीबाई बोलली नसती, पण सुभेदारांच्या पोटात गोष्ट राहिना. आठवड्याभरात काठावरच्या प्रत्येक मोटारीला पाचर बसली. गावचा सुतार एकाएकी कामात बुडाला.

आणि तिथून घोटाळा सुरू झाला. पूर्वी गडी पुढंमागं पोचायचे, मोटारी एकेक करून सुरू व्हायच्या. आता वीज आली रे आली, की सगळ्या मोटारी एका दमात उठायच्या. तेवढा भार डीपीला झेपायचा नाही. फ्यूज उडायचा आणि मोटारींसकट पिठाची गिरणीही बंद पडायची. लाइनमन जोतीराम सायकल मारत यायचा, फ्यूज बांधायचा आणि जायचा. तो ओढ्यापर्यंत पोचतो न पोचतो, तोच मागून गिरणीवाल्याची हाक यायची.

असं बऱ्याचदा झाल्यावर जोतीराम चिडला. त्यानं सायकल बांधाला टेकवली आणि एकेक पंपाची खोली उघडायला लावली. संध्याकाळी चावडीत येऊन त्यानं पिशवी उपडी केली. बाभळीच्या, कडुलिंबाच्या, एक तर चक्क सागवानी, अशा पाचरींचा ढीग पडला.

"मोटारी एकामागनं एक लावा. न्हाईतर म्या फ्यूज बांधायचा न्हाई," तो म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. पण एकामागून एक लावायच्या म्हणजे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या एकाच्याच हातात हव्यात, आणि वीज आली की त्यानं काठानं फिरायला हवं. हे काम कुणाला द्यायचं, यावर चर्चा झालीच नाही. सगळ्यांच्या माना एकदमच गुंडाकडं वळल्या.

"आवं सुभेदार, मला ह्यातनं सोडवा की," गुंडा काकुळतीला आला.

"हवालदार झालास रं तू," सुभेदार म्हणाले आणि स्वतःच्या खोलीची किल्ली त्यांनी सगळ्यांत आधी त्याच्या हातावर ठेवली.

त्या उन्हाळ्यात गुंडा वाळला. वीज आली की करदोट्याला बांधलेला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत तो काठानं पळायचा. पण पावसाळ्याच्या तोंडाला एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. कुणाची मोटार आधी लावायची आणि कुणाची शेवटी, हे आपल्याच हातात आहे. मग कुणी त्याला बोलावून चहा पाजू लागलं, कुणी काकवी धाडू लागलं. ज्या सुतारानं त्याच्याच पाचरीची नक्कल करून पोरांपुढं बढाई मारली होती, त्याच्या भावकीची मोटार बरेच दिवस शेवटीच लागली. राहीबाईनं एकदा त्यावरून झापलं, तेव्हा कुठं गुंडानं क्रम बदलला.

पुढं तो चालताना उगाच सावकाश चालायला लागला. किल्ल्या वाजल्या, की बांधावरची माणसं उठून उभी राहायची आणि पाण्याची घाई असलेला एखादा म्हणायचा, "ये गुंडातात्या, वाईच टेक की." गुंडा टेकायचा.