चौथा 'व्हय म्हाराजा'

मंडळी, आधी माझी साक्ष नोंदवून घ्या. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला सॉरी म्हणते, कारण घाई बहुतेक वेळा माझीच असते. आमच्या घराण्यात भूत कुणाला दिसलेलं नाही... दिसलं असतं तरी आम्ही त्याला चहा विचारला असता. तेव्हा खाली जे लिहितेय, ते लिहिताना मलाच माझी गंमत वाटतेय. पण घडलंय. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे.

मी विद्या. वय बावन्न, राहणार चारकोप. सव्वीस वर्षं विम्याच्या ऑफिसात फायली हलवल्या आणि मग नोकरी सोडून साहसी खेळांच्या ऑडिओ-गोष्टी करायला लागले. गिर्यारोहक, सायकलवाले, समुद्रात पोहणारे... त्यांच्या मागे मागे माइक घेऊन फिरायचं, आवाज टिपायचे, गोष्ट रचायची. मी स्वतः स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायचा झाला तरी नवऱ्याला खाली उभं करते. पण गोष्ट सांगायला चढावं थोडंच लागतं!

एका ऑडिओ ॲपला मी दोन गोष्टी पाठवल्या होत्या. दोन्ही परत आल्या. तिथल्या संपादिका मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "विद्याताई, सगळं छान आहे, फक्त तुम्ही फार बोलता. जरा ऐकू द्या ना लोकांना."

मी फार बोलते? मी?

घरी नवरा सुहास इतका हसला की त्याला ठसका लागला. वर आठवण करून दिली, "तिसरी परत आली तर मुलुंड, लक्षात आहे ना?" मुलुंडला माझ्या दिराचं पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म भरून देण्याचं ऑफिस आहे. तिसरी गोष्ट नापास झाली तर पुढच्या एक तारखेपासून मी तिथे बसणार, असा शब्द मीच भरल्या घरात दिला होता. नाटकी स्वभाव, दुसरं काय! पुन्हा फायली, पुन्हा स्टेपलर!

तिसरी गोष्ट होती नंदिनीची. नंदिनी बोरिवलीला गणित शिकवते, वय सत्तेचाळीस. कॉलेजात असताना कातळ चढायची, मग संसारात बावीस वर्षं दोराला हात लावला नाही. आता पुन्हा चढणार होती. तिचा दोर खालून सांभाळणार होता बाबलदादा. हा लिफ्टचा मेकॅनिक, मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते. आयुष्यभर दोर आणि तारांशी खेळलेला माणूस. त्याच्या हातात दोर असला की वरचा माणूस निर्धास्त.

जागा नीट सांगते. दिंडोशीच्या वसाहतींमागे टेकडी आहे. तिच्या पोटात झाडीआड साधारण चाळीस फुटी कातळ आहे. रविवार, सकाळचे साडेसात, लख्ख ऊन. आम्ही तिघं. चौथं कुणी नाही... हे वाक्य लक्षात ठेवा.

बाबलदादा गाऱ्हाणं घातल्याशिवाय दोराला हात लावत नाही. प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, त्याला विचारल्याशिवाय त्याच्या अंगावर पाय द्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्याने कातळाच्या पायथ्याशी नारळ ठेवला. मी नारळाच्या शेजारी माझा रेकॉर्डर ठेवला. हात जोडायचे म्हणून हेडफोन मानेवर ओढले. बाबलदादाने खणखणीत सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसशीत, तुका ह्यो नारळ ठेवलेलो आसा. तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि नंदिनी.

"आज ही तुझी लेक तुझ्या अंगाखांद्यार चढतली. तिचो पाय निसटाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या हातातल्या दोरीक बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

झालं. बाबलदादा दोर उचलायला वाकला. नंदिनी बोटांना चिकटपट्टी गुंडाळू लागली, पट्टीचं टोक दातांत. आणि मी... मंडळी, मी ठरवलं होतं की आज तोंड उघडायचं नाही. पण जीभ आहे ती. हात पसरून, अगदी बाबलदादाच्या सुरात, मी घुसडलं, "आणि ह्या बाईची गोष्ट यंदा पास होऊ दे रे म्हाराजा!"

यावर 'व्हय म्हाराजा' कुणीच म्हणालं नाही. नंदिनीचे खांदे हसून हलत होते. बाबलदादाने माझ्याकडे असं बघितलं की मी आपोआप हेल्मेट शोधायला लागले. थोड्या वेळाने म्हणाला, "काय गो विद्याबाय, देवाची मस्करी करतंस? दुसऱ्याच्या गाऱ्हाण्यात आपलो अर्ज घुसवतत?"

नंदिनी चढली. झकास चढली! मध्ये एकदा अडकली, रडली, शिवी हासडली (गणिताची बाई, पण शिवी अस्सल), आणि वर पोचली. मी एक शब्द बोलले नाही.

दुपारी घरी बसून ऐकत होते. माझा आगाऊपणा आला, "...पास होऊ दे रे म्हाराजा!" मग दोन सेकंद शांतता. आणि मग—

"व्हय म्हाराजा."

पुरुषाचा आवाज. म्हातारा, सावकाश, माइकच्या अगदी जवळून. त्यात जरासं हसूही होतं, नातवाने पायावर उडी मारल्यावर आजोबांना येतं तसं.

मी हेडफोन काढले. पंखा बंद केला. पुन्हा लावले. होताच.

सुहासला ऐकवलं. "एको असेल," तो म्हणाला.

"अरे, बोलले मी. एको पुरुषाचा कसा येईल? आणि कधीपासून तो उत्तरं द्यायला लागला?"

नंदिनीने झाडाला टेकवून मोबाईलवर व्हिडिओ लावला होता. तो मागवला. त्यात नंदिनीच्या दातांत पट्टी, बाबलदादाचे ओठ घट्ट मिटलेले, माझं तोंड नेहमीप्रमाणे उघडं. आणि माझ्या वाक्यानंतर व्हिडिओत फक्त एका बुलबुलाचा आवाज. बाकी काही नाही.

कापून टाकावं, असं मनात आलं. पण खोटं कशाला बोलू, गोष्टीला इतका झकास शेवट कोण कापतं? नंदिनी माथ्यावर पोचते, सगळं शांत, आणि मग माझा तो अर्ज आणि ते उत्तर. तसंच पाठवलं.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "विद्याताई, घेतोय आम्ही! तुमचं अख्ख्या गोष्टीत एकच वाक्य आहे आणि त्याला उत्तर आलंय. कोण हो ते आजोबा?"

मी सोफ्यावर नाचत होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "फक्त प्रत्येक आवाजाचं संमतीपत्र लागेल. तीन आलेत. आजोबांचं शुक्रवारपर्यंत पाठवा, नाहीतर या खेपेला राहील."

वाट लागली! शुक्रवारनंतर लगेच एक तारीख होती.

बाबलदादाला फोन केला. "दादा, तूच सही कर ना रे. कुणाला कळतंय?"

"तो आवाज माझो नाय. खोटी सही मी करूचंय नाय."

"मग मी काय करू?"

"जेचो आवाज, तेका विचार," तो म्हणाला. जणू शेजारच्या बिल्डिंगमधल्या गृहस्थांबद्दल बोलत होता.

मॅडमना भीतभीत विचारलं, "त्यांना... लिहिता येत नसेल तर?" त्या म्हणाल्या, "तोंडी चालेल की. फॉर्म वाचून दाखवा, त्यांचा होकार रेकॉर्ड करा."

गुरुवारी सकाळी बाबलदादा, मी आणि नारळ. या वेळी नारळ माझा. रेकॉर्डर त्याच जागी ठेवला. मी अख्खा फॉर्म मोठ्याने वाचला, एक ते सात अटी, 'जगभरात व कायमस्वरूपी' यासकट. मग पहिल्यांदाच, मस्करी न करता, हात जोडले. "तुझा आवाज वापरू का रे म्हाराजा? नाहीतर मला मुलुंडला जावं लागेल."

पानं हलली. बाबलदादाने डोळे मिटले होते. आम्हाला कानांनी काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. उतरताना मी मनातल्या मनात मुलुंडला पोचलेसुद्धा होते.

मी मुलुंडला गेले नाही. गोष्ट लागली, पुढच्या दोन घेतल्या गेल्या, सध्या सहावीवर काम चालू आहे. कसं, काय, मला विचारू नका. साउंड इंजिनीअरला ते रेकॉर्डिंग दिलं, त्याने दोनदा ऐकलं आणि चहा मागवला. मॅडमच्या फायलीत चौथा फॉर्म आहे. नावाच्या रकान्यात मी लिहिलंय 'राखणदार, दिंडोशी'. त्यांना ते आडनाव वाटलं.

त्या गुरुवारच्या रेकॉर्डिंगमध्ये 'मुलुंडला जावं लागेल'नंतर दोन सेकंद पानांचा आवाज आहे. मग तोच म्हातारा, तसाच सावकाश, "व्हय."

नुसतं व्हय. म्हाराजा गाळलं होतं. ओळख झाली होती ना आता.