कटरे काकांचं रेलिंग

आमगाव स्टेशनवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते आणि आमच्या आईला निरोप द्यायला अर्धा तास तरी लागतो, त्यामुळे माझं घर सोडणं अर्ध्यातच उरकलं. गाडी हलली तरी ती खिडकीचा गज धरून चालत होती. "पोचली का फोन करजो. जेवण टाळू नको. अन् उन्हात फिरू नको व माय." माझी नोकरीच उन्हात फिरायची होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. बाबा तिच्या मागे उभे होते. ते रेल्वेत ट्रॅकमन, त्यामुळे गाडी निघाली की मागे सरकायचं ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी आईचा दंड धरून तिलाही मागे ओढलं आणि मग फलाट संपला.

मी भिलाई येईस्तोवर रडत बसले असेन असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही नाही. सालेकशापर्यंत रडले आणि डोंगरगडला समोसा खाल्ला.

हे लिहितेय ते आमगावच्या घरच्यांसाठी, आणि आपल्यातल्या त्या सगळ्यांसाठी जे याच लाइनवरून भिलाईला, रायपूरला, त्याच्याही पुढे गेले. लिहायला बसलं की शाळेतली मराठी येते, बोलताना आपली. तेवढं सांभाळून घ्या.

माझं काम काय, हे घरात अजून कोणाला धड सांगता येत नाही. गोंदियाची आत्या तर पाहुण्यांसमोर म्हणायची, "वनिता आंधळ्या लोकांले चालाले शिकवते. आता मले सांगा, चालाले कावून शिकवा लागते? ते तं लहानपणीच येते!" आत्या, पाय सगळ्यांनाच चालवता येतात. आपण कुठे उभे आहोत हे ओळखायचं आणि तिथून पाहिजे तिथे पोचायचं, हे शिकावं लागतं. पांढरी काठी मनगटातून कशी फिरवायची, पाऊल पडण्याआधी काठीने पुढची जमीन कशी विचारून घ्यायची, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकून ओलांडायची वेळ कशी पकडायची. आमच्या धंद्यात याला ओरिएंटेशन अँड मोबिलिटी म्हणतात. नागपूरला मी हे शिकले तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून मलाच भर बाजारात सोडलं होतं, आणि एका कांदेवाल्याच्या ढिगात मी सरळ जाऊन बसले होते. आता मात्र या कामात माझा हात धरणारं आसपास कोणी नाही. लपवून काय ठेवायचं?

भिलाईने सुरुवातीला माझीच फजिती केली. स्टील प्लँटच्या टाउनशिपमध्ये सगळे क्वार्टर एकसारखे, सगळे रस्ते सरळ, झाडंही तीच. मी खोली घेतली रिसालीला, तिथे निदान घरं वेगवेगळ्या रंगांची होती. तरी पहिल्या आठवड्यात दुसऱ्याच्याच फाटकाची कडी काढून आत गेले आणि एका तेलुगू आजींनी मला पाणी देऊन बसवून ठेवलं. मग मी माझ्या शिकणाऱ्यांच्या पद्धतीने शहर पाठ केलं. पीठगिरणीचा वास आला की डावीकडे. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मागे पडली की आपली गल्ली. दुपारी प्लँटची शिफ्ट सुटली की सायकली आणि स्कूटरी कुठल्या अंगाला वाहतात, त्यावरून दिशा. तेव्हा वाटायचं, मी परगावी आहे. आता गावाहून कोणी आलं की मीच त्याला भिलाई दाखवते आणि वर त्याचं चुकलं की हसते.

आपले लोक इथे माझ्या कितीतरी आधी आलेत. शेती सोडून आलेले, रेल्वेत लागलेले, प्लँटमध्ये लागलेले. त्यांची पोरं घरात "मले भूक लागली" म्हणतात आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की "चल ना यार, जल्दी कर". कटरे काका त्यातलेच. गोंदियाजवळच्या गोरेगावकडचे, प्लँटमध्ये वेल्डर, माझ्या खोलीपासून तीन गल्ल्या सोडून स्वतःचं घर बांधलेलं. त्यांची मुलगी सरिता, मी नोकरी करते त्या अंधांच्या केंद्रात माझ्याकडे शिकायला यायची. तिची नजर डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने हळूहळू गेली, कॉलेज संपेपर्यंत पूर्ण गेली. पोरगी हुशार, तोंडाने फटकळ, आणि आवाज असा की फोनवर ऐकणारा नुसता ऐकतच राहील.

तो आवाज ऐकूनच दुर्गच्या एका ऑफिसने तिला फोनवरच्या कामासाठी घेतलं. गाडी पाठवणार नाही, येणं-जाणं तुमचं तुम्ही बघा, एवढं त्यांनी स्वच्छ सांगितलं. काकांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. काकूंचे गुडघे गेलेले. म्हणजे सरिताला शेअर ऑटोने एकटीने जाता-येता आलं तर नोकरी, नाहीतर पुन्हा घरात. आणि यावेळी ती घरात बसली तर परत उठायची नाही, हे ती स्वतःच मला म्हणाली होती.

नेमक्या त्याच दिवसांत सरिता क्लासला यायची बंद झाली. मी घरी गेले तर गल्लीच्या तोंडाशीच थबकले. काकांच्या फाटकापासून ऑटो थांबतो त्या कोपऱ्यापर्यंत, गल्लीच्या कडेने, सलग लोखंडी रेलिंग! कमरेइतकं उंच, वेल्डिंग असं की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये, वरून हिरवा रंग. काकांनी ऑफच्या दिवशी शिफ्टमधले दोस्त बोलावले होते, शेजाऱ्यांना विचारलं होतं, खांब सिमेंटमध्ये बसवले होते. अख्खी गल्ली कौतुक करत होती.

"मॅडम, पाहा आता," काका म्हणाले. सरिताने काठी बगलेत मारली, एक हात रेलिंगवर ठेवला आणि अक्षरशः धावत कोपऱ्यापर्यंत गेली. काकांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर कोणत्याच बापाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. "आता तुमची तकलीफ संपली. पोरगी लायनीवर लागली."

मी पाहिलं ते वेगळंच. रेलिंग संपलं तिथे सरिता खिळल्यासारखी उभी राहिली. हात हवेत चाचपडत होता आणि काठी बगलेतच होती.

"काका, हे काढा," मी म्हटलं.

"काय बोलून राहिल्या तुमी?"

"रेलिंग काढा. हिचा सगळा अभ्यास यानं खाऊन टाकला."

"आमी लोखंड जोडणारे लोक आहोत, मॅडम. काढाले नाही लावत." काका तसे शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही. सरिताही माझ्यावरच उखडली. "मॅडम, तुमाले काय, तुमी शिकवून आपल्या घरी जाता. मले इथं रोज राहाचं आहे." मी तणतणत परत आले. राग आला होता, खोटं कशाला बोलू. एवढ्या प्रेमाने कोणी एवढी मोठी चूक केली की भांडायला जागाच उरत नाही.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात कागद द्यायचे होते आणि काका फर्स्ट शिफ्टला. त्यांनी ऑटोवाल्याला सांगून ठेवलं आणि सरिताला एकटीला पाठवलं. जाताना सगळं झकास झालं. फाटक, रेलिंग, कोपरा, ऑटो. पण दुर्गहून येणारा ऑटो रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला थांबतो. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट, आणि पाइप कापताना, खांब पुरताना, रंग देताना एकाही माणसाच्या डोक्यात आली नाही!

ऑटोने तिला पलीकडे उतरवलं आणि तो गेला. सरिता उभी राहिली. उन्हात, आपल्याच घराच्या समोर. गल्लीतून तिला आईचा आवाज ऐकू येत होता, भाजीवालीशी भेंडीवरून घासाघीस चाललेली. एक हाक मारली असती तरी काकू आल्या असत्या. पण सरिताने हाक मारली नाही. लाज वाटली तिला. भाजीवालीच टोपली उचलून रस्त्यावर आली, तिनेच पाहिलं आणि छत्तीसगढीत ओरडली, "अओ बाई, ये तो तुम्हरे नोनी हे!" नोनी म्हणजे पोरगी.

संध्याकाळी मला फोन आला. मी पोचले तेव्हा काका पायरीवर बसले होते, अंगावर अजून ड्यूटीचे कपडे. सरिता दारात उभी होती, तोंड लाल झालेलं.

"बाबा, कापा ते," ती म्हणाली.

"तिकडून बी लावतो ना बेटा. रस्त्याच्या पलीकडं बी लावून देतो."

"अन् दुर्गले? ऑफिसात? कुठं कुठं लावान तुमी?" मग तिचा आवाज फुटला. "बाबा, मी घरासमोर उभी होती अन् मले घर सापडून नाही राहिलं."

पुढच्या ऑफला काकांनी गॅस कटर आणला आणि रेलिंग स्वतःच्या हाताने कापलं. दोस्तांना बोलावलं नाही. कटिंगचा चष्मा लावलेला होता, तरी डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही की लपवलंही नाही. मी आणि काकू पाइपचे तुकडे अंगणात ओढत होतो. मी एकदाही "राहू द्या काका" म्हटलं नाही.

मग मी सरिताला जी रगडली, ती विचारू नका. रोज सकाळी रस्त्याच्या कडेला उभी करायची आणि नुसतं ऐकायला लावायचं. ट्रक कुठला, ऑटो कुठला, लांब जाणारा कुठला, जवळ येणारा कुठला. सरळ ओलांडताना ती डावीकडे वाहवत जायची, त्यासाठी तिला मागे आणून पुन्हा पुन्हा तेच. ती मला शिव्या द्यायची, मी तिला द्यायचे. "मॅडम, तुमी घरी बी अशाच बोलता का?" "घरी याच्याहून वाईट बोलते. चल, पुन्हा."

शेवटच्या परीक्षेत शिकवणाऱ्याने मध्ये पडायचं नसतं. मागे राहायचं, दिसेल इतकं जवळ आणि ऐकू येणार नाही इतकं लांब. त्या दिवशी सरिता एकटी दुर्गला जाऊन परत येणार होती. जातानाच्या ऑटोत मी गुपचूप मागच्या सीटवर होते, येताना आधीच्या ऑटोने पुढे आले. परतीचा ऑटो थांबतो त्या अंगाच्या पानठेल्याशी काका येऊन उभे होते. रजा टाकली होती त्यांनी. "आवाज काढला तं परीक्षा रद्द," मी कानात दम दिला.

ऑटो आला. सरिता उतरली, काठी उघडली, थांबली, ऐकलं. एक ट्रक जाऊ दिला. निघाली. आणि मध्यावर पुन्हा तेच, डावीकडे वाहवली. काकांचं तोंड उघडलं, हात पुढे गेला. मी तो दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला. समोरून एक स्कूटर येत होती. स्कूटरवाल्याने वेग कमी केला. सरिता घराच्या अंगाला पोचली, पण गल्ली सोडून पुढे, कोणीतरी टाकलेल्या रेतीच्या ढिगापाशी. काठी रेतीत रुतली. तिने ती बाहेर काढली आणि उभी राहिली. डोकं थोडं तिरकं केलं. मग उजवीकडे वळली, काठीने रस्त्याची कड शोधली, गल्लीचं तोंड सापडलं आणि ती आत शिरली. फाटकाच्या कडीचा आवाज आम्हाला पानठेल्यापर्यंत ऐकू आला.

मी आनंदाने ओरडलेच! पानठेलेवाल्याने काकांना फुकट पान लावून दिलं. काका हसले, पान हातात घेतलं, आणि तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, ती शाळेत होती तवापासून हा हात तिच्या हातात होता. आता या हाताचं मी काय करू?"

 

सरिता आता रोज दुर्गला जाते, ऑटोवाल्यांशी भांडते, पगारातून आईच्या गुडघ्यांचं औषध आणते. मला मात्र काकांचा तो प्रश्न सोडत नाही. मी घरी येते तेव्हा गाडी थांबायच्या आधीच बाबा डब्याच्या दारापाशी येऊन उभे असतात आणि मी उतरताना हात पुढे करतात. दर वेळी. आणि दर वेळी मी म्हणते, "राहू द्या बाबा, मी उतरते ना." बरोबरच म्हणते. माझी नजर शाबूत आहे, पाय धड आहेत, आणि लोकांना हात न धरता चालायला शिकवूनच मी पोट भरते. बाबा हात मागे घेतात आणि धोतराला पुसतात. तो हात मग कुठे जातो, हे मी कधी पाहिलंच नाही.

तुम्ही फोनवर विचारता, वनिता, आता तुझं घर कोणतं? भिलाई का आमगाव? भिलाईत मी कोणाचा हात न धरता डोळे मिटून फिरू शकते, म्हणून ते माझं घर. आणि आमगावला माझ्यासाठी एक हात अजून पुढे येतो, म्हणून तेही माझंच.

बाबा, येत्या रविवारी मी येऊन राहिली. डब्याच्या दारापाशी उभे राहजा अन् हात देजा. मले गरज नाही, तरी देजा. या खेपेले मी धरीन.