गजूदादाने निवडलेला लेथ

वहिनींचा फोन आला तेव्हा मी रामनगरच्या आमच्या शेडमध्ये नव्या फाउंडेशनवर पाणी मारत होते. काँक्रीट ओलं राहिलं नाही तर भेगा पडतात, आणि त्यावर लोखंड कापायचा एवढा अवजड लेथ बसायचा तर भेग परवडणारी नव्हती, म्हणून ते काम मी कुणावर सोपवलं नव्हतं. वहिनी रडत नव्हत्या. "शरयू, तुझा दादा उठत नाहीये गं," एवढंच म्हणाल्या. मी पाइप तसाच वाहता टाकून निघाले. पुलावर गाड्या तुंबलेल्या, पलीकडे घाट दिसताहेत आणि मी रिक्षावाल्यावर ओरडतेय... दूधविनायकाच्या गल्लीत रिक्षा जात नाही, तेवढं अंतर धावले. घरात शिरले तर डॉक्टर बॅग बंद करत होते. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते, कुणाला विचित्र वाटलं तरी वाटो. मशीन अजून आलेलं नाही, हे आलं. आणि मी दादावर संतापले.

गजूदादा माझा चुलत भाऊ, थोरल्या काकांचा मुलगा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या याज्ञिकी. काशीतल्या मराठी घरांतली मुंज असो की वास्तुशांत, सांगायला काका जायचे. दादानेही रीतसर संथा घेतली होती, पण पुढे तो सरळ आयटीआयमध्ये जाऊन टर्नर झाला. पळी सोडून पाना धरला, म्हणून काकांनी कपाळाला हात लावला. दादाने भाड्याच्या खोपटात एक जुना लेथ टाकला, त्याची पुढे रामनगरला शेड झाली. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. त्याने पहिलं छोटं सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं, मशीन घेतलं, तेव्हा घरी येऊन म्हणाला, "शरू, पोरींना शिकवतेस तेच ह्या मशीनला शिकव. हे उलट उत्तर देत नाही." साफ खोटं होतं. मशीन दिवसभर उलट उत्तरं देतं, लाल दिवा लावून देतं. पण मी शाळा सोडली आणि प्रोग्रॅम लिहायला शेडमध्ये आले ती कायमची.

याज्ञिकीतली एक गोष्ट मात्र दादाने सोडली नव्हती. कुठलंही कार्य सुरू करण्याआधी संकल्प सोडतात: आपण कुठे आहोत, काळ कोणता, कर्ता कोण, आणि हे कशासाठी. ते स्पष्ट उच्चारल्याशिवाय पुढचा मंत्र नाही. दादाने हे कारखान्यात आणलं. काहीही विकायला आलेल्या माणसाने कॅटलॉग उघडला की दादा त्यावर हात ठेवायचा. "पहिले संकल्प, बाद में पूजा." म्हणजे आम्हाला नेमकं काय कापायचंय, किती लांब, किती जड, कसं धरून आणि कोणाच्या हातून, हे त्या माणसाने आधी स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवायचं. अर्धे तिथेच गळायचे. मला याचा कंटाळा यायचा. चहा गार होईपर्यंत संकल्पच चालायचा.

मोठा लेथ घ्यायची वेळ आली ती साखर कारखान्यांच्या शाफ्टमुळे, यंत्रांत फिरणाऱ्या लोखंडी दांड्यांमुळे. ही आमची जुनी कामं. माणसापेक्षा लांब, मधोमध कड्यासारखी जाड कॉलर असलेले शाफ्ट आम्ही जुन्या लेथवर एका बाजूने कापायचो, मग उलटून धरून दुसऱ्या बाजूने. कितीही जपा, उलटून धरलं की दोन्ही बाजू एका रेषेत राहत नाहीत. बाकीच्यांनी मोठी मशीन घेतली होती आणि आता कारखानेवाले स्पष्टच म्हणू लागले होते की शाफ्ट एकदाच धरून पूर्ण कापून द्याल तर काम तुमचं, नाहीतर नमस्कार. ते काम गेलं असतं तर शेडला कुलूप लागलं असतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मशीन एकदाच घेता येणार होतं. चुकलं तर दुसरं घ्यायची आमची ऐपत नव्हती.

दोन मशीन समोर होती. एक एजंटाकडे तयार उभं होतं, बोलाल त्या आठवड्यात शेडमध्ये. त्याचा कंट्रोल आमच्या छोट्या मशीनसारखाच, दादाच्या बोटांना सवयीचा. दुसऱ्याचा बेड, म्हणजे सगळा भार पेलणारा खालचा सांगाडा, जास्त रुंद आणि भारी, पण ते ऑर्डर दिल्यावर बनणार, यायला कित्येक महिने, आणि कंट्रोल अगदी नवा. मला पहिलं हवं होतं. का हवं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. दादाचं हृदय थकलं होतं. त्याचे रिपोर्ट दाखवायला मीच गेले होते आणि डॉक्टरांनी मला बाहेर थांबवून जे सांगितलं, ते ऐकल्यापासून महिने हा शब्दच मला सहन होत नव्हता. दादाला सगळं ठाऊक होतं. तो घरी त्याबद्दल बोलत नव्हता, मीही नाही. आम्ही फक्त लेथबद्दल भांडत होतो.

दादाने अट घातली की चाचणी आमच्याच शाफ्टवर व्हायची. तो घेऊन आम्ही एजंटाकडे गेलो आणि तयार मशीनवर चढवला. एजंट मिश्राजी गोड माणूस, पेढे घेऊनच उभे. दादाने त्यांच्याकडून संकल्प म्हणवून घेतला: हा शाफ्ट, एकदाच धरून, टोकापासून टोकापर्यंत. मग कॅरेज, म्हणजे टूल घेऊन सरकणारा भाग, हळूहळू मधल्या कॉलरकडे निघाला. कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरात छापलेली जागा असते बेडच्या वरची. पण कॉलर फिरते ती कॅरेजच्या वर, आणि तिथे जागा कमी. सगळे वाकून त्या फटीकडे बघत होते. ऑपरेटरचा हात लाल बटणावर. कॉलरच्या खालून कॅरेज सरकला... सरकला, आणि न घासता पलीकडे गेला. मिश्राजींनी टाळी वाजवली. मला तर रडूच येणार होतं. झालं एकदाचं, मनात म्हटलं, हे मशीन दादा बघेल.

कॉलरच्या पुढे टूल कापू लागलं आणि आवाज बदलला. बारीक गुरगुर. दादाने मान तिरकी केली. ऑपरेटरने वेग कमी करून पाहिला, आधाराचा स्टेडी सरकवून पाहिला. गुरगुर कमी झाली, गेली नाही. मशीन थांबल्यावर दादाने शाफ्टवरून नख फिरवलं आणि मला म्हणाला, "बघ." नखाखाली लाटा लागत होत्या. अगदी बारीक, पण होत्या.

"पॉलिशपेपर मारला की जाईल हे," मी म्हणाले.

"संकल्पात पॉलिशपेपर नव्हता."

"दादा, फालतू हट्ट करू नकोस. चालवून घेतात लोक एवढं."

"आज घेतील. अजून जड शाफ्ट आला की? हा बेड हलका आहे शरू, ह्याला ते वजन झेपत नाही. दुसरं घेऊ."

"ते यायला किती वेळ लागेल माहितेय?"

"लागू दे ना. जल्दबाजी कशाला?"

"तुला आहे का तेवढा वेळ?"

बोलून गेले. मिश्राजी पेढ्याचा पुडा धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. दादा फडक्याने हात पुसत राहिला, बोटं स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "कर्ता कोण, हे विचारलंच नाहीस तू. मिश्राजींना मी सकाळीच सांगितलंय, चलाने वाली ये है. संकल्प तुझ्या नावाचा आहे. माझ्या वेळेचा हिशेब त्यात कशाला?"

परत येताना तो शांत झोपला गाडीत, तोंड उघडं टाकून.

ऑर्डर दुसऱ्या मशीनची गेली. घरी सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. त्याच्या मुलाने पुण्याहून फोन करून समजावलं, वहिनींनी देव पाण्यात ठेवले. दादा रोज शेडमध्ये येऊन खुर्ची टाकून बसायचा आणि फाउंडेशनचा खड्डा किती खोल हवा यावर कंत्राटदाराशी हुज्जत घालायचा. मला नव्या कंट्रोलचं पुस्तक वाचायला बसवायचा आणि मध्येच प्रश्न विचारायचा. वर्गात मीही कधी इतका छळ केला नसेल. काँक्रीट ओतलं त्या दिवशी तो खूश होता... पुढचं वर सांगितलंच आहे.

मशीन आलं. क्रेनने ते खाली उतरताना मी बाहेर जाऊन उभी राहिले, बघवलं नाही. गेल्या आठवड्यात पहिला शाफ्ट चढवला, पूर्वीच्या सगळ्यांहून जड. कॅरेज कॉलरखालून हातभर जागा असल्यासारखा गेला. पलीकडे टूल लागलं तेव्हा मी डोळे मिटून फक्त ऐकत होते. एकसारखा आवाज, शेवटपर्यंत. उतरवलेला शाफ्ट आरशासारखा होता. दादाचं बरोबर होतं. तरी मला आज कुणी विचारलं, तर मी अजूनही ते लाटांचं मशीनच मागेन, पॉलिशपेपर मारत बसेन जन्मभर, पण दादाच्या डोळ्यांपुढे एक शाफ्ट तरी निघाला असता.

शाफ्टवर हात ठेवून मी मोठ्याने म्हणाले, "जिंकलास रे बाबा, आता तरी गप्प बस."

आमचे जुने फोरमन रामलखनजी पलीकडे उभे होते. "का कहलीं, दीदी?" त्यांनी विचारलं.

त्या शेडमध्ये मराठी कळणारी माणसं दोनच होती. इतकी वर्षं आम्ही तिथे एकमेकांना वाट्टेल ते बोललो, भर गर्दीत, आणि कुणाला कळलं नाही. मी रामलखनजींना सांगितलं, "कुछ नहीं. अगला चढ़ाइए."